निकाल लागण्याआधी घराने काय करावे?

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा आणि त्यानंतर सीईटी, म्हणजे अभियांत्रिकीची सामाईक प्रवेश परीक्षा दिली आहे. दोन्ही निकाल अद्याप यायचे आहेत. तिला संगणक अभियांत्रिकीसाठी पुण्याला जायचे आहे. निकाल लागल्यावर पुण्यात मुलींना चांगली खोली मिळत नाही, तेव्हा आताच अनामत भरून ठेवा, असे नातेवाईक सांगतात आणि यजमानांचेही तेच मत आहे. निकालाआधी अशी तयारी करण्यास माझे मन धजत नाही. मुलगी दिवसभर मोबाइल घेऊन खोलीत पडून असते आणि पुढचा विषय काढला की उठून जाते. मधल्या काळात आम्ही नेमके काय करावे?
– एक आई, उदगीर

उत्तर : अनामत भरू नका, हे सर्वांत आधी सांगते. तुमच्या मुलीला कोणते महाविद्यालय मिळेल हे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे ‘कॅप’च्या फेऱ्यांमध्ये ठरणार आहे. बारावीचा निकाल मे महिन्यात लागला (२०२४ मध्ये तो २१ मे रोजी आणि २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला होता) तरी सीईटीचा निकाल त्यानंतर येतो आणि फेऱ्या पुढे पावसाळ्यात चालतात. आकुर्डी आणि धनकवडी ही दोन्ही ठिकाणे बोलताना आपण ‘पुणे’च म्हणतो, परंतु आज धनकवडीत खोली घेतली आणि प्रवेश आकुर्डीला मिळाला, तर मुलीचे रोजचे कित्येक तास बसमध्ये जातील किंवा अनामत सोडून द्यावी लागेल. शिवाय महाविद्यालयाच्या स्वतःच्या वसतिगृहातील जागा प्रवेश निश्चित झाल्यावरच दिल्या जातात, आणि पहिल्या वर्षासाठी मी त्यांनाच प्राधान्य देईन. नातेवाइकांची भीती अगदीच निराधार नाही, कारण प्रवेशाच्या दिवसांत खोल्यांसाठी धावपळ होतेच. तिच्यावरचा उपाय असा की, तुमच्या गावातील ज्या मुली सध्या पुण्यात शिकत आहेत त्यांच्याशी मुलीने स्वतः फोनवर बोलावे आणि वसतिगृहाचे भाडे, मेसचे जेवण, रात्री फाटक बंद होण्याची वेळ, अनामत परत मिळाली की नाही, ही माहिती भागवार एका वहीत लिहून ठेवावी. प्रवेश ठरला की त्या वहीतील दोन-तीन जागा पाहून एका दिवसात निर्णय घेता येतो.

तुमचे मन जेथे धजत नाही, तेथेच खरे काम पडून आहे, आणि ते म्हणजे कागदपत्रे. निकाल चांगला लागो वा मध्यम लागो, कागदपत्रे तीच लागतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला आणि आरक्षित प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व त्या आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असलेले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, एवढे आजच काढून टेबलावर मांडा. यांपैकी सर्वांत जास्त वेळ जात वैधता प्रमाणपत्राला लागतो, कारण जिल्हा पडताळणी समिती वडिलांकडील नात्यातील जुने पुरावे मागते आणि आजोबांच्या शाळेचा उतारा एखाद्या दूरच्या गावी असू शकतो. अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरती मुदत मिळेल की नाही हे त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर अवलंबून असते, त्यावर विसंबून राहू नका. निकालानंतर सेतू केंद्रासमोर सगळा तालुका उभा असतो. आता गर्दी कमी आहे. आधार कार्डावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः सारखे आहे का, मुलीच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक घरातच वापरात आहे का, हेही पाहून घ्या. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना बहुतेक घरे याच तीन गोष्टींपाशी अडतात.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची संपूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश ‘कॅप’मधूनच झालेला असला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती लागू होत नाही. वसतिगृह आणि जेवण यांचा खर्च या सवलतीत येत नाही, तेव्हा घरखर्चाचे गणित त्या दोन गोष्टींभोवती मांडा.

आता मुलीविषयी. उदगीर-लातूरकडील विज्ञान शाखेच्या मुलांची दोन वर्षे कशी जातात हे मी तुम्हांला सांगण्याची आवश्यकता नाही. पहाटेचा वर्ग, दुपारचे कॉलेज, सायंकाळची चाचणी आणि रविवारची पुन्हा चाचणी, हे सारे एका दिवशी अचानक संपले आणि तिच्या हातात करण्यासारखे काहीच उरले नाही. थोडे दिवस तिला झोपू द्या. ती विषय टाळते याचा अर्थ तिला काळजी नाही असा नसून, ज्या गोष्टीबाबत आता तिला काहीही करता येत नाही, तिच्याविषयी पुनःपुन्हा बोलणे तिला सोसत नाही, असा आहे. म्हणून ‘किती टक्के पडतील?’ हा प्रश्न घरातून काढून टाका आणि ज्यात तिचा निर्णय चालतो अशी कामे तिच्याकडे सोपवा. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे कटऑफ, म्हणजे किती गुणांपर्यंत प्रवेश मिळाला ते आकडे उपलब्ध आहेत. ते पाहून महाविद्यालयांची यादी तिनेच करावी आणि तुम्ही उभयतांनी शेजारी बसून ती समजून घ्यावी. हे काम वरवर करण्यासारखे नाही. २०२५ च्या नियमांनुसार अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादे महाविद्यालय मिळाले, तर तेच स्वीकारावे लागत होते आणि पुढील फेरीत जाता येत नव्हते. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे नियम पुन्हा वाचा. वडिलांना एक महाविद्यालय हवे, मुलीला दुसरे, आणि याद्या भरताना रात्री अकराला वाद, असे ज्या घरात होते तेथे पसंतीक्रम चुकतो आणि त्याची किंमत मुलगी चार वर्षे देते. हा वाद व्हायचा असेल तर तो आताच होऊ द्या.

घर सोडून राहण्याची तयारीही याच दिवसांत हळूहळू करता येते. स्वतःचे कपडे धुणे, कुकर लावणे, बँकेत जाऊन स्वतः पैसे भरणे, ताप आला तर कोणती गोळी किती वेळाने घ्यायची आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे, एवढे तिला यावे. लातूरपर्यंतचा प्रवास तिने एकटीने करून यावा. आईला हे शेवटचे फार जड जाते, तरीही मी आग्रहाने सांगते, कारण पुण्याची रात्रभराची बस त्यानंतर तिला परकी वाटणार नाही.

प्रश्न : मी कोरडवाहू शेतकरी असून आम्ही खुल्या प्रवर्गात मोडतो. मुलाचा सीईटीचा निकाल यायचा आहे. चार वर्षांचा खर्च कसा भागवायचा या विचाराने झोप लागत नाही. निकालाआधी पैशाची गोष्ट मुलाच्या कानावर घालू नका, तो खचेल, असे पत्नीचे म्हणणे आहे. दरम्यान, मागच्या दाराने जागा मिळवून देतो, असे सांगणारे फोनही येऊ लागले आहेत.
– एक वडील, कन्नड तालुका

उत्तर : शेवटच्या गोष्टीपासून आरंभ केलेला बरा, कारण ती तातडीची आहे. निकालाआधी जागा ‘राखून’ ठेवण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘कॅप’बाहेरच्या जागेवर प्रवेश घेतला की शासनाच्या ज्या सवलतींवर तुमचे सारे गणित उभे राहू शकते, त्यांनाच मुलगा मुकतो.

त्या सवलती अशा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून खुल्या प्रवर्गातील मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांवर शिक्षण शुल्क भरावेच लागत नाही; या जागा मंजूर संख्येच्या पाच टक्के असतात आणि पसंतीक्रमात त्यांचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो, तो मुलाने आठवणीने भरला पाहिजे. त्यांचा कटऑफ त्याच महाविद्यालयातील साध्या जागेपेक्षा पुष्कळदा वर जातो, म्हणून केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला हे तीन कागद तुमच्यासाठी आज सर्वांत मोलाचे आहेत. मात्र शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायला महिने लागतात, हे गृहीत धरून पहिल्या सत्राचा राहण्याजेवण्याचा खर्च हाताशी असू द्या.

बँकेचे शैक्षणिक कर्ज महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचे पत्र हाती आल्यावरच मंजूर होते, तरी ज्या शाखेत तुमचे खाते आहे तेथे आताच जाऊन व्यवस्थापकांशी बोलून या. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही. वसतिगृह, पुस्तके आणि संगणक यांचा खर्चही त्यात धरता येतो. कर्जदार मुलगा आणि सहकर्जदार तुम्ही असता. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, परंतु व्याज त्याआधीपासून साठत असते. शेत गहाण ठेवण्याचा किंवा सावकाराकडे जाण्याचा विचार या सगळ्या वाटा पाहून झाल्यावाचून मनात आणू नका.

हे सारे मुलाला सांगावे का? माझे मत स्पष्टपणे ‘सांगावे’ असे आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला बापाची झोप उडालेली दिसत असते. कारण ठाऊक नसेल तर तो स्वतःलाच कारण समजतो, आणि ते अधिक वाईट. फरक सांगण्याच्या रीतीत आहे. ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे करतो’ हे वाक्य कर्जापेक्षाही जड असते, ते बोलू नका. त्याऐवजी वही घेऊन बसा, एवढे शुल्क, एवढी सवलत, एवढा राहण्याचा खर्च, एवढे आपल्याजवळ आहेत आणि एवढे कर्ज काढावे लागेल, असे आकडे त्याच्यासमोर मांडा आणि टीएफडब्ल्यूएसचे क्रमांक शोधण्याचे, महाडीबीटीचे नियम वाचण्याचे काम त्याच्याकडे द्या. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय तुम्हांला जवळ आहे, तेथे जमले तर खर्च किती उतरेल हेही त्याला त्या वहीत स्वतःच दिसेल. तुमच्या पत्नींची काळजी खरी आहे, म्हणून ही बैठक त्यांना बाजूला ठेवून घेऊ नका.

प्रश्न : निकालाच्या दिवशी घरात कसे वागावे? मुलाचा गणिताचा पेपर अवघड गेला आहे. सासूबाईंनी पेढे सांगून ठेवले आहेत आणि नातेवाइकांचे फोन येणार, हे नक्की आहे.
– एक आई, चिपळूण

उत्तर : अलीकडच्या वर्षांत मंडळाचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर खुला होतो. तो मुलाला आधी एकट्याने पाहू द्या आणि त्याने सांगितल्यावरच फोन घ्यायला सुरुवात करा. ‘तो स्वतःच तुम्हांला सांगेल’ हे उत्तर सर्वांना पुरेसे आहे. पेढे रद्द करू नका. बारा वर्षांचे शिक्षण पूर्ण झाल्याबद्दल ते वाटता येतात, आणि हे सासूबाईंना तुम्ही आधीच समजावून सांगितलेले बरे.

गणितात गुण कमी पडले तरी अभियांत्रिकीचा मार्ग लगेच बंद होत नाही. प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेत मुलगा कोठे आहे त्यावर लागते. बारावीच्या विहित विषयांत खुल्या प्रवर्गाला एकूण ४५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के गुण पुरतात. निकालानंतर काही दिवस तो जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही बोलला, तर ते रागाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका, त्याला एकटे ठेवू नका आणि १४४१६ या शासनाच्या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करा. तेथे चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

गुण खरोखरच अनपेक्षित वाटले, तर मंडळाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करावा. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. छायाप्रत हाती आली की ती त्याच विषयाच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांना गुण वाढण्यास वाव दिसला तरच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरा. विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर, जून-जुलैच्या सुमारास होते. तिचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरायचा असल्याने निकालाच्या आठवड्यातच तेथे चौकशी करावी.