६.९ एसपीआय आणि सर्दीचं निमित्त

बडोद्याच्या वाडी भागातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. घरी मराठी, बारावीपर्यंत गुजराती माध्यम, आता जीटीयूच्या, म्हणजे गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या, एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. वडील दुकानात नोकरीला. फीचा मोठा भार गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेच्या स्कॉलरशिपवर, म्हणजे आपल्या एमवायएसवायवर. ती लिहिते: "बारावीला शाळेत पहिली होते. पहिल्या सेमिस्टरला एसपीआय ६.९ आला. स्कॉलरशिप जाईल का? एकही लेक्चर चुकवत नाही, ताप असतानाही गेले. पण सगळं इंग्रजीत असतं, वर्गात तोंडच उघडत नाही. सीनिअर्सनी टेक-फेस्टच्या टीममध्ये बोलावलं, अभ्यास बुडेल म्हणून नाही म्हटलं. गरब्याचा पास आणि चणियाचोळीचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून मैत्रिणींना सर्दी झाली असं सांगितलं. स्कॉलरशिपचं कोणालाच माहीत नाही. आई म्हणते, तू पूर्वीसारखी राहिली नाहीस."

चि. मुली,

आधी हिशेब करू. एसपीआय म्हणजे सेमिस्टरच्या गुणांचा दहापैकी अंक. जीटीयूचं टक्क्यांचं सूत्र सोपं आहे: आलेल्या अंकातून ०.५ वजा करायचे आणि १० ने गुणायचं. ६.९ म्हणजे ६४ टक्के. एमवायएसवाय पुढच्या वर्षी चालू राहायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे गुणांच्या बाबतीत तू चौदा टक्के वर आहेस. हजेरीचं म्हणशील, तर चाळीस लेक्चर असलेल्या विषयात दहा चुकली तरी चालतात. तू तापात सिटी बसला लोंबकळत गेलीस, ते त्या योजनेसाठी नक्कीच नाही. योजनेच्या अटी बऱ्याच नरम आहेत. कडक अटी तू स्वतःच स्वतःला घातल्या आहेस, आणि त्या कुठल्याच परिपत्रकात सापडायच्या नाहीत. या वर्षीचं परिपत्रक काढ, दोन्ही अटी वहीच्या पहिल्या पानावर उतरव आणि खाली तुझे आकडे लिही. शंभर वेळा मनात घोकण्यापेक्षा एकदा कागदावर पाहिलेलं बरं.

६४ टक्क्यांवर समाधान मान असं मी म्हणत नाही. नोकरीच्या वेळी बऱ्याच कंपन्या साठाची रेघ मारतात, तेव्हा तिच्या इतक्या जवळ राहू नकोस. पण गुण वाढवायचे तर ते कुठे अडकलेत हे बघावं लागेल, आणि ते तूच लिहून टाकलं आहेस: तोंड उघडत नाही.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर कॅलिपर दिलं. त्यावरचं माप कसं वाचायचं ते मला कळलं नव्हतं. शेजारच्याला विचारायची लाज, सरांना विचारायची भीती. दोन महिने शेजाऱ्याच्या वहीतला आकडा बघून शेवटचा अंक तेवढा बदलून लिहायचो, कॉपी दिसू नये म्हणून! परीक्षेत एकट्यावर वेळ आली तेव्हा हातात नुसतं लोखंड होतं. नंतर लॅबमधल्या शिपायाने पाच मिनिटांत शिकवलं. पाच मिनिटांचं काम होतं ते.

तुझी अडचण मात्र माझ्यापेक्षा कमी आहे, कारण तुला विषय येतो, फक्त शब्द अडतो. सर 'व्हेपर प्रेशर' म्हणतात तेव्हा तू गोंधळतेस. पण गुजरातीतलं बाष्पदबाण तू अकरावी-बारावीत घोटून घोटून केलंस, आणि आपल्या मराठीत बाष्पदाब म्हटलं की अर्थ आपोआप उघडतो. एक वही कर, तीन रकाने: इंग्रजी, गुजराती, मराठी. रोज पाच शब्द. यात कमीपणा वाटत असेल तर तुझ्याच शहरात डोकावून बघ. सयाजीरावांनी १८९० साली तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढलं. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे, आणि तंत्रविद्या लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावी हा त्यांचा हट्ट. बडोद्यात केमिकल शिकणाऱ्या मुलीने गुजराती-मराठीतून विचार केला तर ती जुन्याच वाटेवर आहे.

आणि प्रश्न गुजरातीत विचार. "सर, आ समजायुं नथी." बहुतेक सर त्याच भाषेत उत्तर देतील. इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत तास संपतो, आणि मग घरी येऊन रडायचं, हे आता बंद. वर्गात जमत नसेल तर तास संपल्यावर केबिनमध्ये जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. गणित जिथवर सुटलं तिथवर वहीत दाखव आणि म्हण, इथून पुढे अडलं.

आता सर्दी. खरं सांगू, तुझ्या पत्रात मला ६.९ पेक्षा हीच ओळ जास्त टोचली. सरांना "समजलं नाही" म्हणता येत नाही आणि मैत्रिणीला "परवडत नाही" म्हणता येत नाही, या दोन्हींच्या मुळाशी एकच गाठ आहे. पुढच्या नवरात्रीला निदान एका मैत्रिणीला सांग की पास-बीस जमणार नाही, पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला ये आमच्याकडे, आधी सेव-उसळ खाऊ. ती येईल. नाही आली तर तेही लवकर कळलेलं बरं.

स्कॉलरशिप लपवण्यासारखं काय आहे त्यात? याच बडोदा दरबाराने १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. करार होता, अटी होत्या, दोन्ही बाजूंना आपापलं काम माहीत होतं. तुझंही तसंच आहे: तू गुण मिळवलेस, सरकार फी भरतं. यात मान खाली घालण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

टेक-फेस्टला हो म्हण. आठवड्याचे चार तास, परीक्षेआधी पंधरा दिवस सुट्टी, असं सीनिअर्सना आधीच सांगून. पोस्टर चिकटवायचं काम मिळालं तरी घे. बडोद्याजवळच्या नंदेसरी किंवा कोयलीच्या कारखान्यात ट्रेनिंग कसं मिळतं, हे नोटीस बोर्डाच्या आधी सीनिअर्सना कळतं. शिवाय तिथे चुकलेल्या गोष्टीला मार्क नसतात. तुला सध्या अशा एका जागेची फार गरज आहे.

आईला सांग, मुलगी पूर्वीसारखी राहणार नाही, आणि ते बरंच आहे. पण गप्प का आहे ते तिला कळू दे. आकड्यांचं ते पान आधी तिलाच दाखव.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो: गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'भाई' लावून, आधारवर नुसतं, आणि बँकेच्या पासबुकात आडनाव शेवटी. रिन्यूअलच्या फॉर्मआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघ. दुरुस्ती लागली तर तिला वेळ लागतो, म्हणून हे याच आठवड्यात कर.