गूगलचे इंटरनेटचे फुगे बंद का पडले? सातपुड्यातल्या पाड्यांना त्यांचा उपयोग झाला असता का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गूगलचा 'लून' प्रकल्प बंद का झाला, आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे रेंजसाठी फोन घेऊन टेकडीवर चढावं लागतं, तिथे तो चालला असता का. मी मोबाइल टॉवरच्या कामात आहे आणि त्या डोंगरात काम केलेलं आहे, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. रोजच्या वापरासाठी नसता चालला. पूर, वादळ, भूकंप यांत टॉवर आडवे झाल्यावर मात्र त्याच्याइतका उपयोगी दुसरा मार्ग क्वचितच सापडेल.

आधी हे फुगे काय होते ते सांगतो, कारण ती कामगिरी खरंच थोर होती. जून 2013 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून पहिले तीसेक फुगे सोडले गेले. फुगलेला फुगा सुमारे 15 मीटर रुंद, आत हेलियम, खाली सौर पॅनेल, बॅटरी आणि अँटेना. आपल्याकडे 120 मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅगवर बंदी आहे. या फुग्याचं प्लॅस्टिक 76 मायक्रॉनचं होतं, आणि त्याने जमिनीपासून 20 किलोमीटरवर, हवेचा दाब जेमतेम पाच टक्के उरलेला असताना, महिनोन्‌महिने टिकायचं होतं. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी फुगा हळूहळू खाली यायचा. अशी भोकं शोधता शोधता कारखान्यात प्लॅस्टिकवरून चालणाऱ्या कामगारांच्या मोज्यांपर्यंत शोध गेला, आणि जाड, मऊ मोजे आले. 2019 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाहून सुटलेला एक फुगा 312 दिवस वर राहिला.

फुग्याला इंजिन नव्हतं. त्या उंचीवर वाऱ्याचे थर असतात आणि प्रत्येक थराची दिशा वेगळी असते. फुग्याच्या पोटातल्या दुसऱ्या पिशवीत हवा भरली की तो जड होऊन खाली यायचा, हवा सोडली की वर जायचा. पाहिजे त्या दिशेचा वारा गाठायचा आणि त्याच्यासोबत जायचं, एवढंच सुकाणू. पुढे हे काम स्वतः शिकणाऱ्या सॉफ्टवेअरकडे दिलं गेलं.

आता खाली. फुगा स्वतः इंटरनेट तयार करत नाही. जमिनीवर फायबरला जोडलेलं एक केंद्र लागतं, तिथून सिग्नल वर जातो, एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उड्या मारत पुढे सरकतो आणि शेवटी साध्या 4जी फोनवर उतरतो. म्हणजे स्थानिक मोबाइल कंपनी हवी, तिचं स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलसाठी तिला मिळालेल्या रेडिओ लहरी, हवं, सरकारची परवानगी हवी, आणि खालच्या माणसाकडे 4जी फोन हवा. माझ्या मते लूनची खरी अडचण इथे होती.

केनियात हे सगळं जुळून आलं. जुलै 2020 मध्ये टेल्कॉम केनियाबरोबर व्यावसायिक सेवा सुरू झाली. देशाच्या मध्य आणि पश्चिम भागातल्या सुमारे 50,000 चौरस किलोमीटरवर 35 च्या आसपास फुगे. वेग चांगला होता, व्हिडिओ कॉल व्हायचे. पण वीज सौर पॅनेलची, त्यामुळे सेवा सकाळी सहा ते रात्री नऊ. ज्या वस्त्यांसाठी ही धडपड होती, तिथल्या अनेकांना 4जी फोनच परवडत नव्हता. जानेवारी 2021 मध्ये गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने लून बंद करत असल्याचं जाहीर केलं. खर्च इतका खाली आणता आला नाही की धंदा टिकेल, असं कारण कंपनीनेच दिलं.

हा खर्च समजायला केनियाचं प्रमाण महाराष्ट्राला लावून बघा. आपलं क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर. म्हणजे एका वेळी दोनशेहून अधिक फुगे आकाशात हवेत. ते काही महिन्यांनी उतरवायचे, शोधून गोळा करायचे, नवे सोडायचे. हे वर्षानुवर्षं. आणि ज्यांच्यासाठी करायचं त्या पाड्यावर महिन्याचं रिचार्ज करणारी माणसं किती? डोंगरातला टॉवर बांधणंही परवडत नाही, हे मी जवळून बघतो. रस्ता नाही, वीज नाही, सामान डोक्यावरून न्यावं लागतं. तरीही एकदा उभा राहिलेला टॉवर जागचा हलत नाही आणि रात्रीही चालतो.

आता संकटाच्या वेळचं. माझ्या दृष्टीने लूनपासून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. 20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोचं मोबाइल जाळं जवळजवळ संपवलं. लूनची सेवा तिथे सुरू व्हायला महिना लागला, कारण परवानगी, स्पेक्ट्रम आणि मोबाइल कंपन्यांशी जोडणी हे सारं वादळानंतर करावं लागलं. पण पुढे लाखाहून अधिक लोकांना त्याचा आधार मिळाला. उलट पेरूमध्ये 26 मे 2019 ला 8 रिश्टरच्या घरातला भूकंप झाला, तेव्हा तिथल्या टेलिफोनिका या मोबाइल कंपनीबरोबरची तांत्रिक तयारी आधीपासून होती. 48 तासांच्या आत फुग्यांवरून फोन चालू झाले. फुगे तेच, आकाश तेच. फरक जमिनीवरच्या तयारीचा. घरच्यांना 'आम्ही सुखरूप आहोत' एवढं कळवता येणं त्या दिवसांत केवढं असतं, हे महापुरात अडकलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या कुणालाही विचारा.

भारतातही लूनची बोलणी झाली होती, बीएसएनएलबरोबर चाचणीचा विचार होता. 2016 मध्ये तेव्हाचे दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी संसदेत सांगितलं की लूनसाठी सुचवलेल्या फ्रिक्वेन्सी इथल्या मोबाइल सेवेत वापरात आहेत, त्यामुळे अडथळा येईल. विषय तिथेच थांबला. फुगे उडवण्याचं ज्ञान मात्र आपल्याकडे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादचं केंद्र अनेक दशकं वैज्ञानिक उपकरणं घेऊन जाणारे प्रचंड फुगे सोडतंय. त्यांची उपकरणं पॅराशूटने मराठवाडा-विदर्भातही उतरतात, म्हणून तिकडच्या वर्तमानपत्रांत 'हात लावू नका, कळवा' अशा सूचना येतात. ते फुगे काही तासांचे असतात, पण ती माणसं, तो अनुभव इथलाच आहे. आपत्ती व्यवस्थापनासाठी अशा काही फुग्यांची सोय आणि मोबाइल कंपन्यांशी करार पावसाळ्याआधीच करून ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पाड्यांचं म्हणाल, तर आता उपग्रहाचा मार्ग आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर उद्देशपत्रावर सही केली, त्यात गडचिरोली आणि वाशिमसोबत नंदुरबारचंही नाव आहे. शाळा, आरोग्य उपकेंद्र अशा ठिकाणी एक डिश बसवून वायफाय देणं त्यातून शक्य आहे. प्रत्येक झोपडीपर्यंत मात्र टॉवरच पोचेल. टॉवर नसलेल्या गावांसाठी केंद्राने 2022 मध्ये 26,316 कोटींची योजना मंजूर केली आहे, 24,680 गावांत 4जी नेण्यासाठी. तुमचं गाव त्या यादीत आहे का, ते ग्रामसेवकाकडून किंवा बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयातून लेखी मागून घ्या. यादीत असेल तर जागा, वनखात्याची परवानगी आणि वीज यांपैकी काम कशावर अडलंय ते विचारा. आमच्याकडे बहुतेक साइट याच तीन गोष्टींत अडकलेल्या असतात, आणि जागेचा प्रश्न तरी ग्रामसभेच्या ठरावाने सुटू शकतो.