अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि घरची माणसे

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती ३२व्या आठवड्यात झाली. बाळाचे वजन दीड किलो असून ते नवजात अतिदक्षता विभागात आहे. सून सारखी रडते, भेटायला येणाऱ्यांना टाळते. नातेवाईक बारसे कधी म्हणून विचारतात. आम्ही घरच्यांनी काय करावे? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, अशा वेळी सगळ्यांचे लक्ष पेटीतल्या बाळाकडे लागते आणि बाळंतीण एकटी पडते, तुम्हाला तिची आठवण राहिली, हे फार चांगले झाले. ‘जड उचललेस का’, ‘पपई खाल्लीस का’, ही चौकशी काळजीपोटी होत असली तरी तिला त्यात दोषच ऐकू येतो. पुष्कळदा अकाली प्रसूतीचे नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, हे तुम्ही सासू या नात्याने पाहुण्यांसमोर एकदा ठामपणे सांगितलेत, तर तिचे मन निम्मे हलके होईल. वजन विचारणारे फोनही तुम्ही किंवा मुलाने घ्यावेत. पहिल्या काही दिवसांत अशा बाळांचे वजन थोडे घटतेच, ते तिने दहा जणांना का समजावून सांगावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशींनुसार अशा बाळाला दिवसातून किमान ८ तास, जमल्यास त्याहून अधिक, छातीशी कांगारू पद्धतीने, म्हणजे त्वचेला त्वचा लागेल असे, धरावे. ओल्या बाळंतिणीला एकटीला हे झेपत नाही. डॉक्टरांच्या संमतीने तुमच्या मुलाने आंघोळ करून, पुढून उघडणारा सैल सदरा घालून, टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच असलेले बाळ उघड्या छातीशी उभे धरले, तर तेवढ्या वेळात सून जेवून दोन घटका झोपू शकेल. तुम्हीही धरू शकता. आजीची ऊबही बाळाला मानवते.

बारसे बाळ घरी आल्यावर घरातल्या घरात करा. गर्दीचा समारंभ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पुढे शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होईल, तेव्हा एवढे ध्यानात असू द्या, की हे बाळ दोन महिने आधी आले आहे. सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवावी.

सुनेचे रडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप उडाली किंवा बाळाजवळ जावेसेच वाटेनासे झाले, तर ‘होईल बरी’ म्हणून थांबू नका, तिच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोला. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.