५एस केलं तरी दोन महिन्यांत जैसे थे होतं, कामगारांना शिस्त कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की पस्तीस-चाळीस माणसांचं मशीन शॉप आहे, सल्लागार बोलावून ५एस (कामाची जागा आवरून, मांडून, स्वच्छ ठेवायची जपानी पद्धत) केलं, फरशीवर पिवळे पट्टे मारले, शॅडो बोर्ड (प्रत्येक हत्याराच्या जागी त्याचा आकार रंगवलेले फळे) लावले आणि दोन महिन्यांत सगळं पूर्वीसारखं झालं. इथपर्यंत ठीक. पण पुढे 'कामगारांना शिस्त कशी लावावी' असं विचारलंय ना, ते वाचून माझं डोकं फिरलं. भोसरीत एका प्लँट हेडच्या तोंडून हेच ऐकत मी नोकरी काढली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी आधी सेटर होतो, म्हणजे मशीनवर जॉब आणि हत्यारं बसवून देणारा, नंतर सुपरवायझर झालो. आमच्याकडे ५एस आलं ते एका मोठ्या गिऱ्हाईकाचं ऑडिट लागलं म्हणून. कॉन्फरन्स रूममध्ये सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके (निवड, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण, शिस्त) पाठ करून घेतलं, समोसे झाले, आणि दुसऱ्या दिवशी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन दोन ट्रेनी इंजिनीअर शॉपवर उतरले. नको असलेलं काही दिसलं की चिठ्ठी बांधायची. 'नको' कुणाला, हे विचारायचं नाही.

व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) आमचे एक जुने सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या खणात सायकलच्या ट्यूबच्या रिंगमध्ये अडकवलेल्या ॲलन की, शिमसाठी कापलेल्या फीलर गेजच्या पट्ट्या, ऑफसेट लिहिलेली एक तेलकट वही, आणि एक १८-१९ चा पाना. पाना मधोमध तापवून वाकवलेला, आणि १९ च्या तोंडाची एक बाजू ग्राइंडरवर घासून पातळ केलेली. तो बघून ट्रेनी पोरगा हसला, 'नॉन-स्टँडर्ड' लिहून चिठ्ठी बांधली आणि ट्रॉलीत टाकला. मामा तेव्हा चहाला गेले होते.

आता तो पाना वाकडा का होता? आमच्या एका फिक्स्चरला (जॉब पकडून ठेवणारा साचा) मागचा क्लॅम्पचा नट लोकेटिंग ब्लॉकच्या आड यायचा. सरळ पाना घातला की दांडा ब्लॉकला आपटायचा. स्टड लांब, त्यामुळे वरून बॉक्स पानाही नटापर्यंत पोचायचा नाही. मामांनी कुणाकडे तक्रार न करता पाना वाकवून घेतला आणि वर्षानुवर्षं सेटिंग करत राहिले.

पाना भंगाराच्या गाडीतून गेला. त्याच आठवड्यात सेकंड शिफ्टला जॉब बदलायचा होता, मामा घरी, सेटिंगला नवीन मुलगा. मागचा नट जेमतेम हाताने फिरेल तेवढाच आवळला गेला. कटर लागला, जॉब हलला, इन्सर्ट (कटरची पाती) फुटले, फिक्स्चरच्या पिनेला मार बसला. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड म्हणाले, "शिस्त नाही तुमच्या लोकांना."

मामांनी दुसरा पाना वाकवला. पण या वेळी तो खणात ठेवला नाही, डब्याच्या पिशवीतून रोज घरी न्यायला लागले. गेटवर तपासणीत सापडला आणि मामांना मेमो मिळाला, कंपनीचं हत्यार बाहेर नेल्याबद्दल. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, उद्या कंपनीचं काम अडू नये म्हणून माणूस पाना घरी नेतोय आणि आपण त्याला चोर ठरवतोय." साहेब म्हणाले, "तुम्ही फार भावनिक होता." मेमो फाइलला लागला. ऑडिटही पास झालं, शॅडो बोर्डाचा फोटो रिसेप्शनमध्ये लागला. तो बोर्डसुद्धा कसा, तर तीन मशीनना मिळून एक सेट, आणि कुलपाची किल्ली सुपरवायझरकडे, म्हणजे माझ्याकडे! सेकंड शिफ्टला मी नसायचो.

तुमच्याकडेही आधी हे मोजा: किती मशीनमागे पान्यांचे किती सेट आहेत, आणि रात्री किल्ली कुणाकडे असते. हत्यारं कमी असतील तर माणूस आपला पाना लपवणारच, मीही लपवेन. पाने विकत आणायला साधारण सल्लागाराच्या एका दिवसाच्या फीइतके पैसे लागतील. मग बोर्ड मशीनला लागून, हात लांबवला की पोचेल असा, बिनकुलपाचा.

खण रिकामा करायचा तो ज्याचा आहे त्यानेच, टेबलावर, शिफ्टच्या वेळेत. घरी जाताना नाही. रोज लागणारं, कधीमधी लागणारं आणि कधीच न लागणारं असे तीन ढीग करा. एखादी वस्तू विचित्र दिसली की चिठ्ठी बांधण्याआधी विचारा, "हे का केलंस?" त्या फिक्स्चरचा स्टड पुढे टूलरूमवाल्याने आखूड केला, वरून बॉक्स पाना बसायला लागला. तासाभराचं काम. लाल चिठ्ठीच्या दिवशी मामांना कुणी विचारलं असतं तर त्याच दिवशी झालं असतं.

चिठ्ठी बांधलेला माल जिथे ठेवाल तिथे दर वस्तूवर निर्णय कोण घेणार त्याचं नाव आणि तारीख हवी. साधारण महिना पुरतो. यात अकाउंट्सवाल्याला पहिल्या दिवसापासून घ्या, नाहीतर तिथेच दुसरं भंगार यार्ड तयार होतं. माल राईट ऑफ केला, म्हणजे हिशेबातून काढून टाकला, की त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून तो सही करत नाही आणि गंजलेले फिक्स्चर वर्षभर तिथेच पडून राहतात. त्यालाही बेशिस्त म्हणणार का?

व्हिज्युअल मॅनेजमेंटबद्दल (बघताक्षणी स्थिती कळेल अशी सोय) तुम्ही ओझरतं विचारलंय, मीही ओझरतंच सांगतो. भिंतीवरचे रंगीत ग्राफ काढून टाका, ते फक्त पाहुणे वाचतात. टिकतात त्या गोष्टी स्वस्तातल्या असतात. प्रेशर गेजवर हिरवा पट्टा, तेलाच्या काचेवर कमाल-किमान रेघ, आवळलेल्या नटावरून बॉडीवर ओढलेली पेंटची एक रेघ. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पान्याला हात लावायचीही गरज नाही. लाईनजवळ तासागणिक आकडा लिहायचा एक फळा, टार्गेट किती आणि झाले किती, आणि कमी पडले तर कारण ऑपरेटरच्या हस्ताक्षरात. पण ते कारण वाचून कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवसापासून तो 'ओके' लिहायला लागेल. अँडनचं, म्हणजे अडचण आली की मदत मागायच्या दोरी-दिव्याचं, तेच. टोयोटात दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाईन थांबते. आपण लाल दिवा तेवढा आणतो. धावत येणारा माणूस आणत नाही.

शिस्तीबद्दल शेवटचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुमच्या शॉपमध्ये जाऊन बघा. तीच माणसं मशीनच्या खाली झोपून चिप्स काढतात, बेड डिझेलने पुसतात, हत्यारं मांडून त्यांना हळद-कुंकू लावतात. कुणी चेकशीट घेऊन उभं नसतं. त्या दिवशी मशीन त्यांचं असतं आणि वेळही दिलेला असतो. इतर दिवशी प्रॉडक्शन शेवटच्या मिनिटापर्यंत ओढायचं आणि साफसफाई शिफ्ट संपल्यावर फुकट करून मागायची, हे कसं चालेल? रोजची दहा मिनिटं शिफ्टमधूनच द्या, तेवढं टार्गेट कमी करून. आमच्या साहेबांनी ती कधीच दिली नाहीत. आणि त्यांच्या स्वतःच्या टेबलावर फायलींचा ढिगारा एवढा की समोर बसलेला माणूस दिसायचा नाही. चिठ्ठी तिथे कुणी बांधली नाही.

आता थोडं उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये ऐकवाल. सगळीच माणसं मामा नसतात. काही जण पाना खरंच पळवतात, ते दोन-तीन जण तुम्हाला नावानिशी माहीत असतील, त्यांच्याशी वेगळं बोला. वाकवलेलं हत्यार फक्त अशा किरकोळ कामापुरतं; चेन पुली, स्लिंग, हुक यांत असला जुगाड दिसला तर न विचारता बाजूला काढा, तिथे माणूस मरतो. फूड किंवा फार्माचं शॉप असेल तर खाजगी खण हा प्रकारच चालणार नाही.

आणि पट्टे परत मारणार असाल तर फोर्कलिफ्ट वळते तिथे टेप लावू नका, उखडतो. एपॉक्सी पेंट मारा, पण आधी फरशीत मुरलेलं तेल काढून घ्या.