टेकडी अजून दोन महिने तरी नाही

मागच्या वेळी लंगडणाऱ्या कुत्र्यांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला, त्यात एक घोडीचंही आलंय. सगळी घेता येत नाहीत, पाच घेतलीयेत. आणि हो, मी इथून तुमच्या जनावराला हात लावून बघू शकत नाही, त्यामुळे खाली लिहिलेलं काहीही सुरू करायच्या आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: डॉक्टरताई, आमचा लॅब्रॅडॉर बंड्या, वय ६, वजन ४१ किलो (जास्तच आहे, माहितीये). मागच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं म्हणून टीपीएलओ केलं, आज २४ दिवस झाले, टाके निघालेत. जिथे ऑपरेशन केलं तिथे एक कागद दिला त्यावर नुसतं 'रेस्ट' लिहिलंय. आता तो पाय टेकवतोय, तर आमचे हे म्हणतात बसून बसून पाय जाम होईल, वेताळ टेकडीवर मोकळा सोडू. सासूबाई म्हणतात गरम तेलाने रगडा. कोणाचं ऐकू? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: कोणाचंच नका ऐकू ताई, ह्यांचं तर अजिबातच नको. टीपीएलओमध्ये लिगामेंट जोडत नाहीत, नडगीचं हाड वरच्या टोकाला गोल कापून फिरवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात, म्हणजे बंड्याच्या पायात आत्ता मुद्दाम केलेलं फ्रॅक्चर आहे असंच समजा. ते भरायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तो पाय टेकवतोय म्हणजे दुखणं कमी झालंय, हाड भरलंय असं नाही. ह्याच आठवड्यात सगळे फसतात, कुत्रा खुशीत, घरचे खुशीत, आणि जिन्यात नेमकी मांजर दिसते. ८व्या आठवड्याला एक्स-रे काढायचा, तो चांगला आला तरी पुढचा महिनाभर चढ-उतार पट्ट्यावरच आणि हळूहळू वाढवत, म्हणजे मोकळी टेकडी अजून दोन महिने तरी नाही.

पण ह्यांचं अर्धं बरोबर आहे हेही त्यांना सांगा. नुसतं बसवून ठेवलं की मांडी सुकते, सांधा आखडतो. 'रेस्ट' म्हणजे उड्या, पळणं, जिना, सोफा, इतर कुत्र्यांशी मस्ती बंद, चालणं बंद नाही.

आत्ता काय करायचं तर दिवसातून तीनदा, आखूड पट्ट्यावर, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटं. आणि हळू, म्हणजे इतकं हळू की शेजारचे विचारतील काय झालं. कारण कुत्रा भरभर चालला की तीन पायांवर उडी मारत जातो आणि चौथा नुसता दाखवायला टेकवतो, हळू चालवलं की त्याला प्रत्येक पाऊल ठेवावंच लागतं, सगळा व्यायाम त्या एका पावलात आहे. त्रास नसेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जास्त लंगडला तर कालचं जास्त झालं, दोन दिवस मागे या.

मग सांधा हलवणं. त्याला चांगला पाय खाली येईल असा कुशीवर झोपवा, एक हात मांडीखाली, दुसरा घोट्याजवळ, आणि सायकल चालवल्यासारखा गुडघा सावकाश दुमडा, सावकाश सरळ करा, १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा. इथे एक गंमत सांगते, निम्मे लोक चुकीचाच सांधा हलवतात. मागच्या पायाचा जो उलटा वाकलेला टोकदार सांधा दिसतो ना, तो गुडघा नाही, ती त्याची टाच, गुडघा वर पोटाजवळ असतो. मान वळवून बघितलं, ओठ चाटले, पाय ओढला की तिथेच थांबायचं, त्याच्यापुढे एक सेंटीमीटरही नाही. आधी दहा मिनिटं कोमट पाण्याचा शेक, नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ तेवढाच वेळ. तेल सासूबाईंच्या गुडघ्याला लावा, केसाळ कुत्र्याला रगडलं की तो ते चाटणार आणि पोट बिघडणार. हलक्या हाताने मांडी चोळली, जखमेपासून लांब, तर मात्र त्याला आवडेल.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात डॉक्टर हो म्हणाले की उठाबशा. बस म्हणायचं, उठ म्हणायचं, पाच वेळा, जमिनीवर चटई टाकून. बसताना दुखरा पाय बाहेर फेकून एका कुल्ल्यावर बसत असेल तर ती उठबस मोजायची नाही. त्या बाजूने भिंतीला चिकटवून बसवा, मग पाय बाहेर काढायला जागाच राहत नाही. त्यानंतर झाडूचे चार दांडे जमिनीवर, त्याच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतरावर ठेवून त्यावरून चालवायचा, पुढे दोन-दोन वह्यांवर टेकवून थोडे उंच.

शिंप्याची टेप घ्या आणि दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी मोजून कॅलेंडरवर लिहा, डोळ्याला जे दिसत नाही ते टेपला दिसतं. आणि वजन. एका पायाचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो, तेव्हा ४१चे ३४ करणं ही सुद्धा फिजिओथेरपीच आहे. पोळीचा शेवटचा तुकडा कोण देतं ते मला माहीत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत असेल.

प्रश्न: ऑपरेशननंतर पोहायला नेलं तर लवकर बरं होतं ना? खडकवासल्याला नेऊ का? (तिघांनी विचारलंय)

उत्तर: धरणावर नको. चिखल, घसरण, खोली कळत नाही, आणि बाहेर येताना तो त्याच पायाने जोर लावून उडी मारणार. शिवाय पोहताना कुत्रे बरंचसं काम पुढच्या पायांनी उरकतात. पाण्यातली ट्रेडमिल वेगळी, तिथे तो पोहत नाही, चालतो, आणि पाणी किती भरायचं ते आपल्या हातात असतं. पाणी टाचेपर्यंत असेल तर पायांवर साधारण ९१ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत ८५, आणि कमरेच्या सांध्यापर्यंत भरलं की फक्त ३८. म्हणून सुरुवात जास्त पाण्यात करून मग पाणी कमी करत आणतात. सोय परवडत असेल तर जखम पूर्ण भरल्यावर जरूर, नसेल तर वरचं हळू चालणं मनापासून करा, त्यानेही खूप कुत्रे उभे राहिलेत.

प्रश्न: आमच्या डॅशहुंडला मणक्याच्या गादीचा त्रास आहे, सध्या पिंजऱ्यात ठेवलाय. माझा मेहुणा माणसांचा फिजिओथेरपिस्ट आहे, तो म्हणतो माझ्याकडचं करंट द्यायचं मशीन लावू. लावू का? — सिंहगड रोड

उत्तर: मेहुण्याचं ज्ञान खरं असणार, पण कुत्रा तपासून निदान करणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम, १९८४ चा कायदाच तसा आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं आणि मेहुण्याने त्यांच्या बरोबरीने केलं तर हरकत नाही, परस्पर नको. केस न कापता पॅड लावले तर करंट नीट जात नाही, आणि कुत्रा 'आता चटका बसतोय' असं सांगत नाही, सरळ चावतो. ४ ते ६ आठवडे पिंजरा पाळा, शू-शीला नेताना पोटाखालून टॉवेलचा झोळा धरा, उचलताना छाती आणि कुल्ले दोन्हीला आधार द्या, पुढचे पाय धरून कधीच नको. मागचे पाय अचानक ओढायला लागला किंवा शू होईना तर मात्र हे सगळं सोडा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा. तिथे तास मोजावे लागतात.

प्रश्न: ताई, आमची घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, लग्नात नाचायला जाते. मे महिन्यात पुढच्या डाव्या पायाची मागची नस सुजली, धनुष्यासारखा फुगवटा आलाय. सूज आता उतरली, चालते पण बरी. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या घेतल्यात. तोपर्यंत मालिश करून उभी राहील का? — हवेली तालुका

उत्तर: दादा, तुमच्या पोटाचा प्रश्न आहे हे कळतं, तरी सांगते, ह्या कार्तिकात नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच, नुसत्या नसा, म्हणजे टेंडन, आणि हाडं, त्यामुळे मालिश करून तिथे ताकद येत नाही. आणि टेंडन जे भरतं ते आधी कच्च्या धाग्यांनी, वेडंवाकडं भरतं. ते धागे सरळ रेषेत लागायला त्यावर रोज थोडा, मोजून ताण पडावा लागतो, आणि ह्याला ९ ते १२ महिने लागतात. मे ते नोव्हेंबर सहाच महिने होतात. वरून सूज नाही म्हणून नाचवली, मागच्या पायांवर उभी केली, तर तीच नस पुन्हा जाईल आणि मग कायमची जाईल.

आधी अल्ट्रासाऊंड करून घ्या, नसेत किती भोक आहे ते त्यातच दिसतं. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. मग डॉक्टर सांगतील तिथून हाताने धरून चालवणं, रपेट नाही. सपाट आणि टणक जमीन, नांगरलेलं शेत किंवा रेती नको, पाय रुतला की नसेवर ताण येतो. दहा मिनिटांपासून सुरू, आठवड्याला पाच मिनिटं वाढ. दोरीवर गोल गोल फिरवणं बंद, वळणावर आतल्या पायावर फार जोर येतो. दुडकी चाल कधी सुरू करायची ते पुढचा अल्ट्रासाऊंड ठरवेल, मोतद्दार नाही. चालवून आणल्यावर पायावर वीस मिनिटं गार पाण्याची धार सोडा, आणि नालबंदाला सांगा खूर वेळेवर करत जा, पुढून लांब वाढलेला खूर नसेला रोज ओढत असतो.

उभी राहून राहून पाठ सुकते, त्यासाठी गाजर. अंग गरम असताना, म्हणजे चालवून आणल्यावर, गाजर दाखवून तिची हनुवटी छातीकडे न्या, मग दोन्ही बाजूंना कुशीकडे, प्रत्येकी पाच वेळा, थोडा वेळ धरून. आठवड्यातून पाच दिवस असं तीन महिने केल्यावर घोड्यांच्या कण्यालगतचे खोल स्नायू भरलेले अल्ट्रासाऊंडवर मोजून दाखवलेत. खाली दोन पायांमधून गाजर द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. ह्या सीझनच्या सुपाऱ्या दुसऱ्या घोडीवाल्याला द्या, अर्धी दलाली ठरवा, आणि हिच्यासाठी पुढच्या अक्षय्य तृतीयेचं बघू, तेही अल्ट्रासाऊंड चांगला आला तरच.

प्रश्न: आमचं गावठी कुत्रं, मोती, १३ वर्षांचं. सकाळी उठताना मागचे पाय थरथरतात, टाइल्सवर घसरतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का? मधे एकदा अर्धी ब्रुफेन दिली होती. — सदाशिव पेठ

उत्तर: ब्रुफेन पुन्हा देऊ नका काका, अर्धीही नको, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते. त्याच्यासाठी वेगळी औषधं असतात, ती रक्त तपासून डॉक्टर देतील. सोडून तर अजिबात द्यायचं नाही. पहिलं काम नखं कापा आणि पंज्यांच्या मधले केस, मग बोहरी आळीतून रबरी मॅट आणून त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रस्ता करा, बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांचं निम्मं घसरणं इथेच थांबतं. उठल्या उठल्या जिना नको, आधी घरातच पाच मिनिटं फिरवा. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि मागचे सुटतात, म्हणून पोटाखाली टॉवेल, आणि प्रत्येक वळणावर तो स्वतःहून निघेपर्यंत तुम्हीही थांबा, वर्तमानपत्र थोडं उशिरा वाचलं तरी चालतं.