मृगालय म्हणजे फक्त हरणांचं घर?

प्रश्न असा आलाय: बेळगावजवळ काकतीच्या पुढं हायवेवर भुतरामहट्टीला ‘कित्तूर राणी चन्नम्मा मृगालय’ आहे, मृगालय म्हणजे कन्नडमध्ये प्राणिसंग्रहालय. तिथं वाघ-सिंह असताना नाव हरणाचं कसं? आणि हा शब्द मराठीत लिहिला तर चालेल काय?

नाव हरणाचं नाहीच. संस्कृतात मृग म्हणजे मुळात कुठलाही रानटी पशू. ऋग्वेदात विष्णूला त्याच्या पराक्रमावरून ‘मृगो न भीमः’ म्हटलंय, म्हणजे डोंगरात फिरणाऱ्या भयंकर श्वापदासारखा. हरणाला कोण भिणार? त्याच वेदात हत्तीसाठी ‘मृगा इव हस्तिनः’ येतं, हात असलेल्या पशूंसारखे. सोंडेला हात समजून केलेलं हे वर्णन मला फार आवडतं. पुढं त्यातला मृग गळाला, नुसता ‘हस्ती’ उरला आणि त्याचाच आपला हत्ती झाला.

मराठीत मृग हरणापुरता आणि नक्षत्रापुरता आक्रसला. तरी जुना अर्थ सामासिक शब्दांत टिकून आहे: मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड आणि मृगया म्हणजे शिकार, मग ती रानडुकराची का असेना. कन्नडनं मात्र तो अर्थ रोजच्या बोलण्यात जपला. ‘काडुमृग’ म्हणजे जंगली जनावर, हरणाला ‘जिंके’. म्हणून म्हैसूरच्या मृगालयात जिराफ, झेब्रा, गोरिला असले परदेशी पाहुणे असले तरी कन्नड माणसाला नाव खटकत नाही. चामराजेंद्र वडियारांनी १८९२ साली ते राजवाड्याचं म्हणून सुरू केलं, लोकांना पुढं खुलं झालं.

आपल्याकडे अशा जागेला आधी ‘शिकारखाना’ म्हणत. सवाई माधवरावांचा पर्वतीच्या पायथ्याशी होता, त्यात सिंह आणि गेंडाही होता. मुंबईकर अजून ‘राणीची बाग’ म्हणतात. ‘प्राणिसंग्रहालय’ हा पाठ्यपुस्तकी शब्द. संग्रह नाण्यांचा करावा, जित्या जनावरांचा नव्हे, असं मला वाटतं. ‘आलय’ म्हणजे राहण्याची जागा, ते जास्त शोभतं.

तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसानं मृगालय बिनदिक्कत लिहावं. पोरांनी ‘आत हरणंच हाईत काय वो?’ विचारलं, तर मृगेंद्राचा अर्थ सांगून सिंहाच्या पिंजऱ्याकडं न्यावं.