हात कानाला पोचतो का?

"काकू, मुलाच्या शाळेने एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या आजाराचा, फॉर्म हातात ठेवलाय. बाई म्हणतात, जागेवर बसत नाही, मध्येच बोलतो, वही अर्धी सोडतो. डॉक्टर गोळी सुरू करून बघू म्हणतात. हे म्हणतात, मीपण असाच होतो. सासूबाई नागपूरहून फोनवर, 'पोट्ट्याले कायचा आजार? दोन महिने माह्याकडे आणून सोड, सरळ होते.' जूनमध्ये येतोय, गोळ्या सोबत आणू का? आणि धाकटी मराठीत उत्तरच देत नाही..."

टेक्सासहून आलेलं हे पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तिने जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर अडकले: "वाढदिवस २८ ऑगस्टचा, म्हणून नशिबाने त्याच वर्षी शाळेत बसला, नाहीतर वर्ष वाया गेलं असतं."

नशिबाने? अगं बाई!

आमच्या घरी माझी थट्टा होते, की हिला कुणाचं लग्न ठरलं सांगा, ही विचारेल नवरदेवाला कितव्या वर्षी शाळेत घातलं होतं. होऊ दे थट्टा. तुमच्या राज्यात १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल शाळेत जातं. तुझा मुलगा पाच दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या वर्षीच्या तुकडीतला सगळ्यात थोराड पोरगा ठरला असता. आज तो दुसरीत सगळ्यात लहान आहे. शेजारच्या बाकावरचं मूल त्याच्याहून जवळपास वर्षभराने मोठं असेल. आपल्या वयात वर्ष म्हणजे काहीच नाही गं, पण सात वर्षांच्या मुलाचं ते सातवा हिस्सा आयुष्य असतं. बाई त्याला तोलतात ते त्या मोठ्या मुलाशी.

२०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी चार लाखांवर अमेरिकन मुलांच्या नोंदी तपासल्या. जिथे १ सप्टेंबरची रेघ आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दर दहा हजार मुलांत ८५ जणांना एडीएचडीचं निदान झालेलं होतं. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत ६४ जणांना. जिथे ती रेघ नाही, तिथे हा फरकही नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये रेघ ३१ डिसेंबरची. तिथल्या २०१२ च्या अभ्यासात डिसेंबरच्या मुलग्यांना जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा हे निदान ३० टक्के जास्त झालेलं दिसलं, मुलींना तर ७० टक्के. आजार काय कॅलेंडर बघून येतो?

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही टोरांटोजवळ राहत होतो, आमचा धाकटा डिसेंबरचा. असाच फॉर्म घरी आला, मी रात्रभर रडले, सकाळी नवऱ्याशी भांडले. ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी पहिला प्रश्न जन्मतारखेचा विचारला आणि सहा महिने थांबायला सांगितलं. सहाचे बारा झाले. आता तो तेवीस वर्षांचा आहे. आईला फोन करायचं तेवढं विसरतो, त्यावर गोळी नाही.

रागावणार आहे, ऐकून घे. एक वर्ष थांबवायची मुभा तुम्हालाही असणारच. मग का नाही थांबवलंत? "वाया जाईल" म्हणून, आणि खरं सांग, डेकेअरची फी वाचत होती म्हणूनही. आपण सगळे पहिला नंबर काढून विमानात बसलेली माणसं. पोराने एक वर्षही मागे राहू नये असं वाटतं. माझ्या वडिलांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्रासारखीच. गुरुजींनी ठोकून दिलेली. खरे ते पोळ्याच्या आसपासचे. पण गुरुजींनी नाव घालण्याआधी एक परीक्षा घेतली होती: डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकड. पोचला तर शाळेत, नाहीतर पुढच्या वर्षी ये. त्यात शास्त्र किती ते सोड, निदान गुरुजी त्या मुलाकडे बघत तरी होते.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार: त्याची तुलना वर्गाशी केलीत की वयाशी? लक्ष नसण्याची नऊ आणि चंचलतेची नऊ लक्षणं असतात, त्यातल्या एका यादीतली सहा तरी, सहा महिन्यांहून जास्त, आणि शाळेत व घरी अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फॉर्म शाळेने भरलाय, तुम्ही दोघांनी भरलात का? डोळे-कान तपासले? रात्री घोरतो का? झोप मोडणारं मूलही दिवसा असंच भिरभिरतं. तू लिहितेस, "कॅरम खेळताना तासभर हलत नाही, मग आजार कसा?" तो पुरावा नव्हे हं. आवडीच्या गोष्टीत एडीएचडीवाली मुलंही रमतात.

आणि "हे म्हणतात, मीपण असाच होतो" हे हसण्यावारी नेऊ नकोस, डॉक्टरांना सांग. हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो. माझ्या भावाच्या प्रगतिपुस्तकात धरमपेठेतल्या शाळेपासून एकच शेरा, "हुशार आहे, लक्ष नाही." बाबांचा पट्टा, इंजिनिअरिंगची तीन वर्षं गेली, दोन नोकऱ्या गेल्या. मुलीची तपासणी करायला गेला तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचंही निदान झालं. तोवर आम्ही सगळे त्याला भैताड म्हणत होतो, मीसुद्धा. म्हणून तारीख तपास म्हणते, फॉर्म फाडून टाक म्हणत नाही. पुन्हा नीट तपासून निदान ठरलंच, तर गोळीला घाबरू नकोस. यावरची नेहमीची गोळी मिथाइलफेनिडेट, ती १९५५ पासून अमेरिकेत मान्य आहे, हजारो मुलांवर पारखलेलं आहे. भूक मरते, झोप लांबते, वजन-उंचीवर लक्ष ठेवावं लागतं. सुरू केलीत तर आपल्या मनाने बंद करायची नाही.

बाकीचं थोडक्यात. गोळ्या आणायच्या तर मूळ बाटलीत, चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या पत्रासकट, मुक्कामापुरत्याच. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं, तेव्हा ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासाला आधी विचार. यावरचीच दुसरी, ॲम्फेटामिनची गोळी असेल तर नागपुरात सीताबर्डीवर मिळेल या भरवशावर येऊ नकोस. दुपारी भूक लागत नाही हे सासूबाईंना आधीच सांग, नाहीतर ताटावरून महाभारत. त्यांच्या "सरळ होते"बद्दल एवढंच, की पाऊस पडेपर्यंत नागपुरात अकरा ते पाच कूलरसमोर कोंडलेलं कुठलंही पोर भिंती चढतं. पहाटे अंबाझरीला पळवा.

धाकटी आजीजवळ आपोआप मराठी बोलायला लागेल. तिची जन्मतारीख मात्र लिहायला विसरलीस. कळव.